कमीत कमी काळजीचा मासा

२२ डिसेंबर २००७, शनिवार

ऋता नाताळला येत नाही. तिकीट बदललं. विचारलं नाही, नुसतं कळवलं — तेही यतीनला! मी फोन हातात घेतला तेव्हा म्हणते, "आई, पाच जानेवारीला निघते. आत्ता दलदलीत पाणी अगदी हवं तेवढं आहे. मासा आत्ताच मिळेल."

मासा! बोटभर मासा. मी फोटो पाहिलाय. चंदेरी अंग, तोंडाशी बारीक मिशा. आमच्याकडे ओढ्यात पोरं पंचा पसरून धरतात तसला. अर्ध्या आफ्रिकेत आहे म्हणे — नद्यांत, तळ्यांत, डबक्यांत, पार खाली दक्षिणेपर्यंत. इतका आहे की जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांची जी मोठी यादी करतात, तिच्यात त्याच्या नावापुढे शेरा आहे — लीस्ट कन्सर्न. म्हणजे कमीत कमी काळजी. आणि माझी मुलगी केनियात किसुमू नावाच्या गावी त्या समुद्राएवढ्या सरोवराच्या काठी जाऊन बसलीय, तो शेरा बरोबर आहे की नाही ते बघायला!

"सगळीकडे आहे ना, म्हणूनच त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही, आई."

नोव्हेंबरात गेली ती तीन आठवड्यांचं सांगून. मी बेळगावहून इथे परदेशात आले लेकीच्या सहवासाला आणि राहतेय जावयाच्या. दोन खोल्यांचं अपार्टमेंट. यतीन बिचारा बेडरूममधून बाहेर येताना आधी खोकतो. मी सोफ्यावर असले की तो खुर्चीवर, मी खुर्चीवर आले की तो उभाच. काल मी बाथरूममध्ये होते म्हणून युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये जाऊन आंघोळ करून आला! नागपूरचा मुलगा, मनाने सोनं आहे. पण सासू आणि जावई यांनी एकमेकांशी दिवसभर काय बोलावं?

माशाबद्दल बोलतो.

२५ डिसेंबर, मंगळवार

बर्फ. गावात चिटपाखरू नाही. मुलं सुटीवर गेली की हे गाव रिकामं होतं. युनिव्हर्सिटीची बस सकाळपासून एकदाच गेली, तीही रिकामी.

नाताळ म्हटला की मला शाळाच आठवते. आमच्या कॉन्व्हेंटात गव्हाणी करायचे — खरं गवत, भाताचा तूस, मेंढ्यांना कापूस. सिस्टर ओडिल मला मेरीच्या पायाशी पणती लावू द्यायच्या. "नंदा, युअर हँड्स आर स्टेडी." फाटकाबाहेर श्रीरामदादा सायकल घेऊन उभा असायचा. आत यायला लाजायचा. मी केकचा तुकडा रुमालात बांधून न्यायचे, तो डबलसीट नेता नेता एका हाताने खायचा. माझा एकुलता एक भाऊ. जाऊन दोन वर्षं झाली. हृदयाने दगा दिला. ऋताची परीक्षा होती, तिला मामाचं शेवटचं दर्शन झालं नाही. ती ते अजून बोलते.

दुपारी वरच्या मजल्यावरची उत्तरा आली. पुण्याची, रसायनशास्त्रात पीएचडी करते. जीभ सुरीसारखी. "काकू, काहीतरी तिखट द्या, नाहीतर मी या बर्फात स्वतःला गाडून घेते!" पिठलं केलं. यतीनने कॉम्प्युटरवर माशाचं पान उघडून दाखवलं. लॅटिन नाव — पॅलुडिनोसस. सिस्टरांनी थोडं लॅटिन शिकवलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे दलदलीतला." दोघं बघतच राहिले!

त्या पानावर पायऱ्या आहेत. सगळ्यात वर नामशेष. मग धोक्यातले, कमी धोक्यातले असं करत तळाशी हा आपला मासा. आणि बाजूला एक वेगळाच वर्ग — माहिती अपुरी. ज्यांचं बरं चाललंय की वाईट, कुणालाच ठाऊक नाही ते.

"उत्तरा लीस्ट कन्सर्न," यतीन म्हणाला. "पुणेकर सगळीकडेच सापडतात."

"आणि नागपूरकर? ते संत्र्याच्या पेटीत सापडतात."

मी हसले. पण मला तो शब्द आवडला नाही. कमीत कमी काळजी — काळजी नाही असं नाहीच ते. कुणीतरी थोडी करतच असणार.

२७ डिसेंबर, गुरुवार

ऋताचा फोन लागला. आज तिकडे निवडणूक. पहाटेपासून रांगा, बायका पोरं पाठीला बांधून उभ्या. घरमालकीण मत देऊन आली आणि शाईचं बोट सगळ्या गल्लीला दाखवत फिरली. "आई, आपल्यासारखंच आहे ग सगळं!" घरमालकीण हिला मुलीसारखं ठेवते. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि मासे. तिचा नवरा जोसेफ होडी चालवतो, त्याच्याच होडीतून ही दलदलीत जाते. तो हिला म्हणतो, "तू इतक्या लांबून आलीस आणि सगळ्यात लहान मासा मागतेस?"

पोरगी खुशीत आहे. मी उगाच चिडते.

२९ डिसेंबर, शनिवार

निकाल लागत नाहीये. ऋताचा फोनही लागत नाहीये. यतीन म्हणतो सगळे एकदम फोन करत असतील म्हणून लाइन बिझी.

तांदूळ निवडत बसले. इथला तांदूळ निवडावा लागत नाही.

३० डिसेंबर, रविवार

निकाल लागला. हरलेले लोक म्हणतात मतं चोरली. टीव्हीवर दोन मिनिटं दाखवलं. रस्त्यात टायर जळताहेत. गावाचं नाव खाली लिहिलं होतं, मला चष्म्याशिवाय दिसलं नाही. यतीनला विचारलं, कुठलं गाव? "नैरोबी आहे, आई." फार पटकन म्हणाला.

३१ डिसेंबर, सोमवार

किसुमूच होतं ते.

आज सारखं दाखवताहेत. बाजाराचा रस्ता. दुकानांची शटर्स वाकवलेली, आत आग. माणसं डोक्यावर गाद्या, टीव्ही, पोती घेऊन पळताहेत. दुकानांवरच्या पाट्या — पटेल, शहा. तिथले आपले लोक! गोळ्यांचा आवाज फटाक्यासारखा येतो, अगदी साधा. एका बाईची चप्पल रस्त्यात पडली आणि ती वळून घ्यायला गेली. मी ओरडले, "नको ग!"

यतीन सकाळपासून फोनला चिकटलाय. ऋताचा फोन बंद. नैरोबीतल्या आपल्या हाय कमिशनमध्ये अखेर एक भला माणूस लागला. त्याने किसुमूतल्या एका गुजराती गृहस्थांचा नंबर दिला — नवीनभाई. हार्डवेअरचं दुकान होतं. होतं! ते आणि आणखी चौघं मिळून अडकलेल्या माणसांना विमानतळापर्यंत पोचवताहेत. यतीनने ऋताच्या घराचा पत्ता दिला. ते म्हणाले, "रस्ता थोडो खुले के तरत गाडी मोकलीए छीए. बेनने कहो, फिकर ना करे." म्हणजे रस्ता जरा मोकळा झाला की लगेच गाडी पाठवतो. बेन म्हणजे मी.

त्या यादीत आज ऋताच्या नावापुढे कोणता शेरा? माहिती अपुरी.

१ जानेवारी २००८, मंगळवार

तिकडे एका गावात माणसं चर्चमध्ये आश्रयाला गेली होती. बायका, मुलं. चर्च पेटवलं.

सिस्टर म्हणायच्या, भीती वाटली की देवळाच्या आत जावं. मी आज अथर्वशीर्ष म्हणत होते. मध्येच शब्द निसटले आणि तोंडातून शाळेतली इंग्रजी प्रार्थनाच यायला लागली. थांबवली नाही. कोण ऐकतंय कुणास ठाऊक!

२ जानेवारी, बुधवार

मेसेज आला!

सकाळी चहा गाळत होते. यतीन आतून धावत आला — खोकलाबिकला काही नाही — "आई! ऋता! ऋताचा मेसेज!" माझ्या हातातून गाळणं पडलं. त्याने वाचलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. एवढंच —

मी मामाकडे आहे. काळजी करू नकोस.

यतीन नाचत होता. "सेफ आहे! पाहा, म्हटलं होतं न मी! मामाकडे आहे —" आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. "आई… कोणते मामा?"

ऋताला मामा एकच.

खाली बसले, ओट्याला टेकून. चहा फरशीवर पसरत होता आणि मला उठवत नव्हतं. मी सुशिक्षित बाई आहे. शाळेत विज्ञान शिकवलं आहे. पण त्या क्षणी दिसलं ते एवढंच — श्रीरामदादा सायकल घेऊन फाटकाबाहेर उभा आहे, आणि मागच्या सीटवर माझी ऋता.

मेलेली माणसं मेसेज करत नाहीत, हे मला कळतं. पण ताप चढलेलं, रक्त गेलेलं माणूस काय काय बोलतं ते मी आईच्या शेवटच्या दिवसांत ऐकलं आहे. त्यांना गेलेली माणसं दिसतात. ती त्यांच्याकडे जायला निघतात.

यतीनने उलट मेसेज केला — कोण मामा? कुठे? उत्तर नाही. फोन पुन्हा बंद.

उत्तरा खाली आली. सगळं ऐकून घेतलं. मग एकदम म्हणाली, "काकू! मामा म्हणजे पोलीस!"

"काय बोलतेस?"

"अहो, पुण्यात पोलिसाला मामाच म्हणतात की! सिग्नल तोडला की मामा पकडतो. ऋता पुण्यातच शिकली ना? ती पोलीस चौकीत आहे!"

खरंच की! फर्ग्युसन रस्त्यावर स्कूटरवरून तिघी जाताना पकडल्या होत्या तेव्हा हॉस्टेलवरून फोन आला होता — "आई, मामाने पकडलं, लायसन्स घेतलं." मी तेव्हाही घाबरले होते, माझ्या भावाने हिचं लायसन्स का घेतलं म्हणून! नंतर कितीतरी दिवस दादा तिला "चल, चौकीत घालतो" म्हणायचा.

यतीन म्हणाला, "बरोबर आहे. नवीनभाईच म्हणत होते, पुष्कळ लोक पोलीस ठाण्यात जाऊन बसलेत. तिथेच असेल." मग माझ्याकडे वळून, "आई, तुम्हाला काय वाटते? सांगू त्यांना?"

मी लगेच हो म्हटलं. नीट विचार केला नाही. दुसरा मामा मला नको होता.

यतीनने फोन करून सांगितलं — घरी गाडी पाठवू नका, ती पोलीस ठाण्यात आहे, तिथून घ्या.

३ जानेवारी, गुरुवार

नवीनभाईंची बस उद्या निघणार. पोलीस ठाण्यावरून जाणार. नाव लिहून घेतलं.

जेवण गेलं नाही. यतीनने माझ्यासाठी खिचडी केली. मीठ दोनदा घातलं त्याने. दोघांनीही निमूटपणे खाल्ली.

४ जानेवारी, शुक्रवार

ती तिथे नाही.

बस पोलीस ठाण्याच्या आवारात गेली. शेकडो माणसं आहेत तिथे, उघड्यावर. नवीनभाईंच्या मुलाने तीनदा नाव पुकारलं. कुणी पुढे आलं नाही. एका हिंदुस्थानी बाईने हात वर केला, ती कुणी शिक्षिका निघाली, जामनगरची. तिला घेतलं. बस थांबू शकत नव्हती. गेली.

यतीन भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते. मी जवळ गेले, पण जावयाच्या पाठीवरून हात कसा फिरवायचा? पाण्याचा ग्लास दिला. तो म्हणाला, "मीच सांगितलं, आई. घरी जाऊ नका म्हणून मीच सांगितलं."

मी हो म्हटलं म्हणून त्याने सांगितलं.

मग कुठे आहे? घरी असती तर 'घरी आहे' म्हणाली असती. मग मामा कोण? पुन्हा तोच एक मामा उरतो. दादा, तुझ्या पाया पडते. तुला ती फार लाडकी, ठाऊक आहे मला. पण तिला ठेवून घेऊ नकोस.

५ जानेवारी, शनिवार

आज ती निघणार होती.

६ जानेवारी, रविवार

कसं लिहू! भीती गेली — नाही, भीती आहेच. पण वेगळी.

दुपारी बेल वाजली. दारात एक उंच आफ्रिकन मुलगी, लोकरीची टोपी, हातात केळ्यांची पिशवी. ऋताच्याच प्रयोगशाळेतली, ग्रेस नाव. केनियाचीच. बूट न सांगता दाराबाहेर काढले. आत आली, माझे दोन्ही हात तिच्या थंडगार हातांत धरले आणि म्हणाली, "पोले, मामा. पोले साना."



यतीनने विचारलं, पोले म्हणजे? ती इंग्रजीत म्हणाली, दुःखात असलेल्याला आम्ही म्हणतो, तुझ्याबरोबर मलाही वाईट वाटतंय.

मी म्हटलं, "नाही, नाही. त्याच्यापुढे काय म्हणालीस? मला काय म्हणालीस?"

"मामा."

"मला का मामा म्हणालीस?"

ती गोंधळली. आपल्या हातून काही चुकलं असं वाटलं असावं बिचारीला. "आमच्याकडे लेकुरवाळ्या बाईला मामा म्हणतात. आई. नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. तुम्ही मामा ऋता."

यतीन मटकन खाली बसला. मग ओरडलाच — "घरमालकीण!"

ग्रेस म्हणाली, "हो, मामा अटिएनो. तिच्या थोरल्या मुलीचं नाव अटिएनो. ऋता तिला दुसरं काही म्हणतच नाही. मीच तर ते घर मिळवून दिलं तिला."

मामाकडे! म्हणजे घरीच! जिथे आम्ही पहिल्यांदा गाडी पाठवत होतो तिथेच बसली होती ती, आणि आम्ही तिघं शहाण्यांनी मराठी डोकं लढवून गाडी वळवली!

मी हसत होते, रडत होते. ग्रेसला मिठीच मारली. ती मला थोपटत राहिली. नंतर चहा पिताना कळलं, तिची स्वतःची आई गाव सोडून एका मैदानात उघड्यावर झोपते आहे. तरी ही केळी घेऊन माझ्याकडे आली. तिची समजूत मी काय घातली? काहीच नाही. मी आपली माझ्याच आनंदात.

यतीनने नवीनभाईंना फोन केला. उद्या बघतो म्हणाले. त्या वस्तीत आता शिरणं कठीण आहे. तो मेसेज दोन तारखेचा. त्यानंतर चार दिवसांत तिथे काय झालं असेल, देव जाणे.

७ जानेवारी, सोमवार

गाडी गेली नाही. रस्त्यात दगड टाकलेत.

पोळ्या लाटल्या. किती लाटल्या, उत्तरा बघतच राहिली. "काकू, अख्खं डिपार्टमेंट जेवायला येणार आहे का?"

८ जानेवारी, मंगळवार

दिवसभर फोन नाही. यतीन कामावर गेला नाही. आम्ही एकाच सोफ्यावर बसलो होतो. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

९ जानेवारी, बुधवार

ऋताचा आवाज ऐकला. नैरोबीच्या विमानतळावरून. नवीनभाईंची गाडी अखेर पोचली होती तर! "आई, मी ठीक आहे." एवढंच. मी विचारलं, लागलं नाही ना कुठे? जेवलीस का? "आई, मी ठीक आहे." तेच पुन्हा.

देवापुढे साखर ठेवली. मेरीच्या नावाने एक पणती लावली. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात.

११ जानेवारी, शुक्रवार

आली! वाळलीय. केसांना धुराचा वास. मी तेल घालून डोकं न्हाऊ घातलं, ती लहानपणासारखी मान खाली घालून बसली. यतीनला धरून मात्र बराच वेळ उभी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

१३ जानेवारी, रविवार

आज चिडलेच मी. चिडायचं नव्हतं.

दुपारी उत्तरा, यतीन, मी, सगळे तिला आमची हकिगत सांगत होतो. पोलिसमामाची. उत्तरा नकला करून दाखवत होती — नवीनभाईंचा मुलगा ठाण्यात नाव कसं पुकारतो, जामनगरच्या बाई कशा हात वर करतात. आता सगळं गोड झालंय, आता हसायला काय हरकत? ऋता हसली नाही. बशीतल्या वाटाण्यांकडे बघत बसली.

मी विषय बदलला. "मासा तरी मिळाला का?"

"मिळाला."

"पुष्कळ?"

"जाळं टाकलं की येतो. गढूळ पाण्यात, म्हशी — गुरं डुंबतात तिथेही. यादीतला शेरा बरोबर आहे. लीस्ट कन्सर्न."

"म्हणजे जे आधीच लिहिलेलं होतं तेच!" माझा आवाज चढला. "त्या बोटभर माशाचं बरं चाललंय हे बघायला तू आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लावलास?"

"बरं चाललंय हे सांगायलाही कुणीतरी जाऊन बघावं लागतं, आई."

"आणि तो मेसेज! मामाकडे आहे! कोण मामा, कुठला मामा? माझा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली, ठाऊक आहे ना? घरमालकीण लिहायला काय झालं होतं? दोन शब्द जास्त लिहिले असतेस तर कुणाचा जीव जाणार होता?"

ती उठली. बाथरूममध्ये गेली. नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

यतीन हळूच म्हणाला, "आई, राहू द्या न आता."

उत्तराही उठून गेली. वाटाणे तसेच राहिले.

१४ जानेवारी, सोमवार

माझ्याशी नीट बोलते. चहा करून देते. पण डोळे भिडवत नाही. घाबरून आलेली मुलगी अशी नसते. शाळेत पस्तीस वर्षं मुली बघितल्या. ही घाबरलेली नाही. हे दुसरं काहीतरी आहे. मला पुन्हा भीती वाटायला लागली आहे आणि कशाची ते कळत नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला नाही.

सकाळी किसुमूहून फोन आला. ऋता उभ्याने ऐकत होती, मग जमिनीवरच बसली. जोसेफला काल त्याच्या गावी नेऊन पुरलं.

मग तिने सांगितलं. दोन तारखेला घरात वीज नव्हती म्हणून फोन बंद ठेवलेले, आणि कुणाच्याच फोनमध्ये बॅलन्स नव्हता. मामा अटिएनो नवऱ्याला म्हणाली, हिची आई तिकडे तडफडत असेल, बघ कुठे मिळतो का. तो गेला. कुठूनसा बॅलन्स मिळवला आणि तिथूनच ऋताच्या फोनवर पाठवला. होता तेवढ्यात एक मेसेज गेला. जोसेफ परत आला नाही. वाटेत गोळी लागली. कुणाची, ते कुणी सांगत नाही.

त्याला घरात आणून ठेवलं, तेव्हा मामाने ऋताला विचारलं, "तुझ्या आईला कळलं ना?"

ऋता म्हणाली, हो, कळलं.

मला कळलंच नव्हतं.